‘ती हसत का नाही?’

सेव्हिलमध्ये मे महिन्यात सूर्य नऊ वाजून गेल्यावरही मावळायला तयार नसतो. रात्री दहाला माणसं जेवायला बाहेर पडतात. अकराला चौकाचौकांत आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या असतात आणि त्यांची नातवंडं चर्चच्या भिंतीवर फुटबॉल आपटत असतात. ‘मुलांच्या झोपेची वेळ’ नावाची गोष्ट या गावाला ठाऊक नाही. त्यामुळे दहा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू यांना फ्लॅमेंको दाखवायला न्यावं की नाही, हा प्रश्न फक्त आमच्या घरच्या मंडळींना पडला होता.

हरकती दोन होत्या. जावयांचं म्हणणं, मुलं कंटाळतील. एक तासाचे पैसे आणि एक तासाची चुळबुळ. लेकीची हरकत जास्त खोलातली होती. तिने कुठेतरी ऐकलं होतं की या गाण्यांत मरण, तुरुंग, फसवणूक, आईचा वियोग असंच सगळं असतं. ‘आई, सुट्टीत आलोय आपण. त्यांना रडगाणं कशाला ऐकवायचं?’

हरकत चुकीची नव्हती. फ्लॅमेंकोच्या मुळाशी असलेलं गाणं, ज्याला तिकडे ‘कान्ते होंदो’ म्हणजे खोल गाणं म्हणतात, ते दुःखाचंच आहे. ‘सोलेआ’ हा शब्दच एकटेपणावरून आलेला. पण या दुःखाच्या कलेत मुलांना कधी दाराबाहेर ठेवलेलं नाही, हेही तितकंच खरं. १९२२ साली ग्रानादाच्या आल्हाम्ब्रा किल्ल्यात संगीतकार मान्युएल दे फाया आणि कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांच्या पुढाकाराने खोल गाण्याची स्पर्धा भरली होती. तिथे बक्षीस मिळवणाऱ्यांत एक खेड्यातला म्हातारा होता आणि दुसरा बारा वर्षांचा पोरगा. तो पोरगा म्हणजे पुढे मोठा गायक झालेला मानोलो काराकोल. कार्मेन आमाया बार्सिलोनाच्या समुद्रकाठच्या झोपडवस्तीतली. वडिलांच्या गिटारीबरोबर खानावळींतून नाचत ती वाढली. कामारोन दे ला इस्ला हा लोहाराचा मुलगा, तोही लहानपणी खानावळीत गाऊन चार पैसे घरी आणत असे. पाको दे लुसियाच्या वडिलांनी तर मुलाच्या हातात गिटार देऊन त्याला तासन्‌तास बसवलं. (त्यातून जगातला एक थोर वादक निघाला म्हणून आपण कौतुक करतो. न निघता तर त्याच वडिलांना काय म्हटलं असतं, तो भाग वेगळा.)

तर आम्ही गेलो. संध्याकाळी सातचा खेळ धरला, म्हणजे स्पॅनिश हिशेबाने भर दुपारचाच.

ज्या जागेत हे कार्यक्रम होतात तिला ‘ताब्लाव’ म्हणतात. शब्दाचा अर्थ फळ्यांचा मंच, आणि तो अगदी शब्दशः घ्यायचा, कारण ती लाकडी जमीन हे इथलं एक वाद्यच आहे. नाचणारीच्या बुटांना टाचेशी आणि चवड्याशी बारीक खिळे ठोकलेले असतात. आपल्याकडे घुंगरू पायावर बांधतात आणि जमीन गप्प असते. इथे जमीन बोलते. सत्तर-ऐंशी माणसं मावतील एवढं जुन्या घराचं अंगण, मंचावर चार लाकडी खुर्च्या, मागे पडदा. एक गायक, एक गिटारवाला, एक बाई, एक तरुण. बस्स, एवढाच संसार. पाठीमागे वाद्यवृंद नाही आणि रंगीबेरंगी दिवे नाहीत. काही ठिकाणी ‘काहोन’ नावाचं लाकडी खोकं बसायला आणि वाजवायला असतं. ते मात्र मूळचं पेरू देशातलं, पाको दे लुसियाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस उचलून आणलेलं.

आधी नाच येत नाही. आधी येतो आवाज. गायक खुर्चीतच बसून, मांडीवर मुठी ठेवून, नुसत्या ‘आय’ या एका अक्षरावर आवाज ताणत नेतो. आवाज गोड नाही, घोगरा आहे, मध्येच चिरतो. आपल्या कानांना गोड, घोटीव आवाजाची सवय. नातवाने पहिल्या मिनिटाला कानांवर हात ठेवले आणि मोठ्याने विचारलं, ‘त्याला काय झालंय?’ पुढच्या रांगेतल्या एक-दोन टोप्या मागे वळल्या. मी त्याच्या कानात सांगितलं, ‘तो आठवतोय.’ काय आठवतोय ते त्याने विचारलं नाही, हे माझं नशीब.

मग टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्यांनी मात्र त्याला पकडला. फ्लॅमेंकोतली टाळी ही दाद नव्हे, ते वाद्य आहे. तिला ‘पाल्मास’ म्हणतात. तळहात खोलगट करून बुजरी टाळी वेगळी, बोटं तळव्यावर आपटून खणखणीत टाळी वेगळी. एकजण ठोक्यावर वाजवतो, दुसरा दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत, आणि दोघांची मिळून अशी वीण होते की दोनच माणसं वाजवताहेत यावर विश्वास बसत नाही. सोलेआ आणि बुलेरिया या प्रकारांत चक्र बारा मात्रांचं. आपला एकतालही बाराचाच, पण चाल अगदी निराळी. इथे वजन पडतं ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर. म्हणजे दोनदा तीन, मग तीनदा दोन. आयुष्यभर बँकेत आकड्यांशी झगडलेल्या माझ्यासारखीला हे कागदावर लगेच कळतं आणि हाताला अजिबात जमत नाही. नातवाला कागदावर काही कळलं नाही, पण पंधराव्या मिनिटाला त्याचा अंगठा गुडघ्यावर बरोबर पडू लागला. इथे एक सूचना करून ठेवते: प्रेक्षकांनी मध्येच टाळ्या धरायच्या नसतात. धरल्या तर नाचणाऱ्याचा ताल बिघडतो आणि मंचावरून फार थंड नजर येते. दाद द्यायची ती ‘ओले’ म्हणून, आणि तीही योग्य जागी. आपल्या मैफलीत चुकीच्या जागी ‘वाहवा’ करणाऱ्याकडे जसे लोक पाहतात, तसेच तिथेही पाहतात.

यानंतर ती बाई उठली.

पोस्टकार्डांवर आणि विमानतळावरच्या पंख्यांवर जी फ्लॅमेंको नर्तकी असते, ती ही नव्हती. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगाने चांगली भरलेली, केस घट्ट मागे बांधलेले. काळा झगा, लांब झालरींची शाल. ती मंचाच्या मध्यावर आली आणि बराच वेळ नुसती उभी राहिली. मग एक हात वर जाऊ लागला, इतका सावकाश की तो वर जातो आहे हे मध्यावर पोचल्यानंतर कळलं. आणि मग एकच पाय. खाड्‌कन.

थोरली नात आतापर्यंत शहाण्यासारखी बसली होती. तिने माझ्या दंडाला धरलं आणि विचारलं, ‘आजी, ती हसत का नाही?’

हा प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात ती नाचात होती. सरावभर एकच वाक्य तिच्या कानांवर पडत होतं: हसा, हसत राहा, दात दिसू देत. पुढे तिला शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात उभं केलं. कारण कोणी सांगितलं नाही; दहाव्या वर्षी ते सांगावं लागत नाही. ती अंगाने माझ्यावर गेली आहे. संमेलनानंतर तिने नाच सोडला आणि ‘मला बुद्धिबळ आवडतं’ असं जाहीर केलं. बुद्धिबळ तिला आवडत नाही.

आणि इथे तिच्या आईहून जाड, तिच्या आजीहून फार तर दहा वर्षांनी लहान अशी एक बाई तीन माणसांना आपल्या पायांच्या हुकमात ठेवून होती. कारण फ्लॅमेंकोत गिटारवाला नाचणारीच्या मागे जातो. तो तारांकडे नाही, तिच्या टाचांकडे बघत असतो. ती पायाच्या ठरावीक आघाताने सांगते: आता गा, आता थांबा, आता लय वाढवा. पुष्कळसं तिथल्या तिथे ठरतं. कथकमध्ये तबलजी आणि नर्तकी यांची जी नजरानजर चालते, तिची ही दूरची बहीण समजा. घामाने तिचा चेहरा भिजला, एक कंगवा केसांतून निसटून मंचावर पडला, तिने तो पायानेच बाजूला सारला. चेहऱ्यावर होता तो राग. नात म्हणाली, ‘ती रागावलीय, पण आपल्यावर नाही.’

लोर्काने १९३३ साली ब्वेनोस आयरेसमध्ये ‘दुएंदे’वर व्याख्यान दिलं होतं. दुएंदे म्हणजे अंगात संचारणारं, तंत्राच्या पलीकडचं काहीतरी. त्या व्याख्यानात त्याने हेरेसमधल्या एका नाचाच्या स्पर्धेची गोष्ट सांगितली आहे. सुंदर, लवचिक तरुणी रांगेने उभ्या असताना पहिलं बक्षीस ऐंशी वर्षांच्या म्हातारीने नेलं. तिने केलं काय, तर हात उंचावले, मान मागे टाकली आणि फळीवर एक पाय आपटला. ही गोष्ट मी नातीला मध्यंतरात सांगणार होते, पण मध्यंतर नव्हतंच. तशी ती सांगायची गरजही उरली नव्हती.

आपल्या लावणीची आठवण मला यायचीच. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी तालुक्याच्या गावी शाखेत होते. जत्रेला फड येत, कनाती लागत, ढोलकीचा आवाज आमच्या खोलीपर्यंत येई आणि घरमालकीणबाई खिडकी लावून घेत. बायका-मुलांनी तिकडे फिरकायचं नाही, हा अलिखित कायदा. फडमालक मात्र दिवसा कर्जाची चौकशी करायला काउंटरवर येत. तारण म्हणून दाखवायला त्यांच्याकडे एक ट्रक आणि बाकी सगळी माणसं. चांगली लावणी मी पाहिली ती चाळिशीनंतर, शहरातल्या नाट्यगृहात, तिकीट काढून. तोवर ती ‘कला’ झाली होती. फ्लॅमेंकोचंही असंच झालं म्हणा. एकेकाळी बऱ्या घरचे लोक त्याला नाक मुरडत, आणि २०१० साली युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत बसवलं.

कार्यक्रमानंतर मुलांनी विचारलं, ही माणसं कोण? इथे आपल्याकडचे प्रवासी फार पटकन छाती फुगवतात. ‘फ्लॅमेंको म्हणजे आपलं कथकच, राजस्थानातून गेलेलं!’ असं एक वाक्य सहलीच्या बसमध्ये हमखास फिरतं. एवढं सोपं नाही ते. स्पेनचे हितानो हे रोमा लोकांपैकी, आणि रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले, हे भाषेवरून सिद्ध झालेलं आहे. पण फ्लॅमेंको घडला तो आंदालुसियात, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, स्थानिक लोकगीतं, मूर आणि ज्यू लोकांचे मागे राहिलेले सूर आणि हितानोंचं जगणं यांच्या मिसळीतून. मधली शेकडो वर्षं आणि सगळा इराण, तुर्कस्तान, युरोप गिळून ‘आपलंच’ म्हणणं हा त्या लोकांवर अन्यायच. १४२५ साली ते स्पेनमध्ये आल्याची नोंद आहे. १४९९ पासून त्यांच्याविरुद्ध फर्मानं निघू लागली: भटकू नका, नाहीतर देश सोडा. १७४९च्या जुलैमध्ये राजाच्या हुकमाने देशभर एकदम धरपकड झाली. हजारो माणसं पकडली गेली. पुरुषांना गोद्यांमध्ये सक्तीच्या मजुरीला धाडलं, बायका-मुलांना वेगळं ठेवलं. नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीतले हितानो पिढ्यान्‌पिढ्या लोहारकाम करत. ऐरणीवरच्या घणाच्या ठोक्यांशी जोडलेलं ‘मार्तिनेते’ हे गाणं आजही गिटारीशिवायच गातात.

यातलं मुलांना किती सांगायचं? मी धरपकडीचं सांगितलं, आकडे सांगितले नाहीत. नातू जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘म्हणून तो आठवत होता?’

त्यांना खरी मजा वाटली ती एका शब्दाची. हितानोंच्या जुन्या बोलीत, कालोमध्ये, पाण्याला ‘पान्यी’ म्हणतात. आणि ते स्वतःला म्हणवतात ‘काले’, म्हणजे काळे. हजार वर्षांच्या वाटेवर काय काय सांडलं असेल, पण पाणी आणि रंग हातात राहिला. त्यानंतर दोन दिवस नातवाला सारखी तहान लागत होती.

ज्यांना मुलांसह जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. जेवणासह असलेला खेळ टाळावा. काटे-चमचे वाजत असताना सोलेआ ऐकणं म्हणजे पंगतीत भैरवी. तासाभराचा खेळ मुलांना पुरतो. सेव्हिलमध्ये माणशी वीस-पंचवीस युरोंपासून पुढे तिकीट असतं. रुपयांत गुणाकार करू नये, मी केला आणि उगाच पाण्याची बाटली घ्यायची राहिली. काही ठिकाणी अगदी लहान मुलांना घेत नाहीत, आधी विचारावं. फोटो बहुतेक ठिकाणी फक्त शेवटच्या भागात काढू देतात, आणि हा नियम मला फार आवडला. ग्रानादात साक्रोमोन्तेच्या टेकडीवर पांढऱ्या रंगवलेल्या गुहांमध्ये कार्यक्रम होतात. तिथे भिंतीलगत खुर्च्या असतात आणि नाचणारीचा झगा तुमच्या गुडघ्यांना लागून जातो. आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला तिथे नेऊ नये. आणि काहीच जमलं नाही तर सेव्हिलच्या प्लाझा दे एस्पान्यामध्ये उघड्यावर नाचणारी मंडळी भेटतात. टोपीत नाणं टाकलं की झालं.

शेवटी, सगळ्यांना निरोप देताना, बुलेरिया असते. तिथे नाचणारेच नव्हे, सगळेच उठतात. तो घोगऱ्या आवाजाचा गायक, ढेरीवाला, साठीचा, खुर्ची मागे सारून पुढे आला, कोटाची बटणं लावली आणि चार पावलं नाचला. फक्त चार. अंगण कोसळेल असा गजर झाला, आणि त्यात आमच्या रांगेतून दोन बारीक आवाजांत ‘ओले’ आलं. योग्य जागी.

हॉटेलवर परतायला साडेनऊ झाले होते. मुलांची आई आंघोळीला गेली. खोलीची जमीन लाकडी होती, जुनी, ठिकठिकाणी कुरकुरणारी. नात आरशासमोर उभी राहिली, तोंड गंभीर करून, एक हात सावकाश वर नेत. धाकटा पलंगावर बसून टाळ्या देत होता: दोनदा तीन, तीनदा दोन. खालच्या मजल्यावर माणसं आहेत, निदान बूट तरी काढ, असं मी तिला सांगितलं. तिने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. बूट काही काढले नाहीत.