पाहुणा पाणी बघतो, आम्ही पूल बघतो

"त्या गेट उघडणाऱ्या साहेबांना जरा सांगून ठेवा, आम्ही साडेअकरापर्यंत पोचतोय."

जुलैतला रविवार, सकाळचे सात. मी कोल्हापुरात रंकाळ्यावर गाडीच्या काचा पुसत होतो आणि फोनवर पुण्याचे पाहुणे होते. त्यांना राधानगरी धरणाचे दरवाजे उघडताना बघायचे होते. आता यांना कसं सांगायचं, की तिथं उघडणारा साहेबच नाही? राधानगरीच्या या लक्ष्मी तलावाचे सातही दरवाजे स्वयंचलित. शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं हे धरण काठोकाठ भरलं, की पाण्याच्या दाबानं दार आपोआप उघडतं आणि पाणी उतरलं की आपोआप मिटतं. मी म्हटलं, "सांगतो, पण साहेब जरा लहरी आहेत." पाहुणे आले. धरण भरायला अजून अवकाश होता, दारं ढिम्म हलली नाहीत. परतीच्या वाटेवर त्यातले एक काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काही द्यावं लागतं का त्यांना?"

पावसाळ्यात लोकांना धबधब्यावर न्यायचं आणि उन्हाळ्यात जंगलात न्यायचं, हा माझा धंदा. आधी वडाप, म्हणजे शेअर गाडी, मारायचो. वडापात माणूस कुठं उतरणार ते ठरलेलं असतं. पर्यटनात माणसाला काय बघायचंय हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. सगळ्यात जास्त येणारा फोन असा: "चांदोली नॅशनल पार्क आणि त्यातले धबधबे, एका दिवसात बसवा." चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांना ते टेकतं. २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये राधानगरी अभयारण्यासोबत ते जागतिक वारशात गेलं. एवढं सगळं पाहुण्यांनी वाचलेलं असतं. पण धबधबा असतो पावसाळ्यात, आणि जंगलाचं फाटक नेमकं पावसाळ्यात बंद. ते उघडेपर्यंत बऱ्याच धबधब्यांच्या जागी काळ्या कातळावर पाण्याची रेघ उरलेली असते. एकदा एका कुटुंबाला हट्टापायी मे महिन्यात राऊतवाडीच्या धबधब्याला नेलं. कडा बघून त्यांचा धाकटा म्हणाला, "बाबा, नळ बंद केलाय काय?" त्याच्याएवढं अचूक वर्णन मला आजवर जमलेलं नाही.

म्हणून पावसाळ्यात आमची धाव फाटकाबाहेरच्या पाण्याकडे. राधानगरीजवळचं राऊतवाडी, शाहूवाडी तालुक्यातलं बर्की, चांदोलीच्या अंगाला असलेलं उखळू. यात खरी कला आहे ती गाडी लावण्याची. राऊतवाडीला रविवारी सकाळी लवकर पोचायचं आणि रस्ता रिकामा आहे तोवरच गाडी वळवून तिचं तोंड कोल्हापूरकडं करून ठेवायची. दुपारी कणसं भाजणाऱ्यांच्या धुरात दोन्हीकडून गाड्या अडकतात, तेव्हा नवखे ड्रायव्हर स्टेअरिंगशी कुस्ती खेळत असतात आणि आम्ही भजी खात बसलेलो असतो. पाहुण्यांना वाटतं, आपला ड्रायव्हर नशीबवान.

बर्कीची गोष्ट वेगळी. तो सगळा कासारी नदीच्या खोऱ्यातला मुलूख. गावाकडं जायचा पूल लेचापेचा नाही, पण पावसानं जोर धरला की त्याच्यावरून पाणी जातं आणि पलीकडं गेलेला माणूस पलीकडंच राहतो. तिथले एक म्हातारे मामा, ज्यांना आम्ही मनातल्या मनात पाटबंधारे खातं म्हणतो, पुलाच्या टोकाला पाण्याच्या कडेला एक काठी रोवतात. चिखलात, नुसती करंजाची काठी. आम्ही पलीकडं जाताना काठीचा बुंधा पाण्यापासून चार बोटं लांब. येताना किती, यावर सगळा हिशोब.

एकदा बारा जणांची पार्टी होती, इचलकरंजीची. धबधब्यावर पोचलो तेव्हा खाली पाऊस नावाला होता. सगळे पाण्यात. मी मात्र पाण्याचा रंग बघत उभा. पांढऱ्या धारेत आधी एक तपकिरी दोरा दिसला. मग पालापाचोळा, मग बोटाएवढ्या काटक्या. आवाजही बदलला, मघाशी सरसर होता, आता पोटातून आल्यासारखा घुमायला लागला. याचा अर्थ वर सड्यावर पाऊस कोसळतोय आणि ते पाणी वाटेत आहे. मी शिट्टी मारली. "पाच मिनिटं हो!" "पाच मिनिटं पाण्याकडनं मागा की, माझ्याकडं कुठली?" मी म्हणालो. चडफडत निघाले. पुलावर आलो तर काठीचा बुंधा बुडालेला आणि मामा छत्री घेऊन हातानं 'चला चला' करत उभे. आम्ही पार झालो, आणि मामांनी काठी उपटून धुऊन काखोटीला मारली. पार्टीतल्या एकानं पूर्ण पैसे द्यायला कुरकुर केली, कारण 'धबधबा अर्धाच बघितला'. रात्री कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरची नदीची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे इशाऱ्याला टेकली. त्याच माणसाचा मेसेज आला: "पोचलो. नाद खुळा ट्रिप!" बाकीचे पैसे मात्र नाही आले.

दाजीपूरकडं पावसाळ्यात अभयारण्य बंद असलं, तरी फोंड्याला उतरणारा रस्ता जंगलातूनच जातो. तिथल्या धुक्यात आमची परीक्षा. १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं हे जंगल, त्याआधी कोल्हापूरच्या महाराजांच्या शिकारीचं रान. गव्याला मात्र अभयारण्याची हद्द माहीत नसते. एकदा धुक्यात चार पांढरे मोजे दिसले, तेवढेच, हवेत टांगल्यासारखे. मागची ताई म्हणाली, "कुणाची तरी म्हैस सुटलीय, हॉर्न द्या." मी इंजिन बंद केलं, दिवे मंद केले. मग मोज्यांच्या वरचा डोंगर दिसायला लागला. एकटा नर, वजन टनाच्या आसपास. सात-आठ मिनिटं गाडीत कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही. तो गेल्यावर ताईंनी विचारलं, "हॉर्न दिला असता तर?" मी म्हटलं, "तर गाडीचं आणि आपलं पोस्टर झालं असतं." पायाला जळू लागल्याचं मात्र कुणाच्या लक्षातच नव्हतं. माझ्या खिशात तंबाखूची पुडी कायम असते. मी खात नाही, जळवा सोडवायला बरी पडते.

हिवाळ्यात चांदोली उघडली की गाडीत गाईड येतो. माझ्या गाडीत बरेचदा एक मामा असतात. इथल्या धरणापायी आणि जंगलापायी गावं उठली, लोक खाली वसले. मामांचं गाव त्यातलंच. आता ते त्याच गावात परक्यांना घेऊन, फाटकावर नोंद करून जातात. पायउतार व्हायची परवानगी नसते. एका वळणावर गवतात जोत्याचे दगड, त्याला लागून एक जुना फणस. तिथं आलो की मामा माझ्या खांद्याला बोट लावतात आणि हळू आवाजात म्हणतात, "जरा सावकाश."

गाडी मंदावली की मागं झटकन सगळे उभे. कॅमेरे वर.

"काय दिसलं? काय दिसलं मामा? वाघ?"

"काय न्हाई," मामा फणसाकडं बघत म्हणतात, "औंदा लागलाय चांगला."