जिन्यावरची किल्ली

नाटक आणि चित्रपट ही दोन्ही कथा सांगण्याची साधने खरी. परंतु दोहोंची रीत निराळी. नाटकाला रंगमंचाची मर्यादा असते. तीन भिंती, दोन दारे आणि चार-सहा पात्रे एवढ्यावर नाटककाराला आपला संसार थाटावा लागतो. चित्रपटाचा कॅमेरा मात्र क्षणात डोंगरावर, तर क्षणात समुद्रावर जाऊ शकतो. म्हणून एखाद्या नाटकावरून चित्रपट काढावयाचा झाला, की दिग्दर्शक बहुधा त्याला घराबाहेर नेतात. त्यात रस्ते, बागा, आगगाड्या दाखवू लागतात. आल्फ्रेड हिचकॉक या विख्यात इंग्रज दिग्दर्शकांनी १९५४ साली नेमके याच्या उलट केले. त्यांनी आपला जवळजवळ सगळा चित्रपट एका खोलीतच ठेवला. असे त्यांनी का केले, हे समजून घेण्यासारखे आहे.

त्या चित्रपटाचे नाव 'डायल एम फॉर मर्डर'. मूळ नाटक फ्रेडरिक नॉट यांचे. ते प्रथम मार्च १९५२ मध्ये बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले, त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. चित्रपटाची पटकथाही नॉट यांनीच लिहिली. न्यूयॉर्कच्या नाटकात पोलीस अधिकाऱ्याची भूमिका करणारे जॉन विल्यम्स चित्रपटातही त्याच भूमिकेत आहेत.

कथा लंडनमधील आहे. टोनी हा एके काळचा टेनिसपटू. त्याची पत्नी मार्गो श्रीमंत आहे. ती आपल्याला सोडून जाईल आणि तिची संपत्तीही आपल्या हातून जाईल, या भीतीने टोनी तिच्या खुनाचा बेत रचतो. स्वॉन नावाच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाची गुपिते हाताशी धरून तो त्याला या कामाला जुंपतो. मार्गोच्या पर्समधील दाराची किल्ली काढून तो बाहेरच्या जिन्याच्या पायरीवर, गालिच्याखाली लपवितो. स्वॉनने तिने दार उघडून आत यावे, टोनीचा दूरध्वनी वाजला आणि मार्गो तो घ्यावयास उठली, की तिचा गळा आवळावा, असा तो बेत.

पण घडते भलतेच! झटापटीत मार्गोच्या हाती मेजावरची कात्री लागते आणि स्वॉनच मरून पडतो. टोनी घाईने घरी येतो, मेलेल्या स्वॉनच्या खिशातील किल्ली काढून पत्नीच्या पर्समध्ये ठेवतो आणि तिनेच या माणसाला जाणूनबुजून घरात घेऊन मारले, असा देखावा उभा करतो. न्यायालय मार्गोला फाशीची शिक्षा सुनावते. ब्रिटनमध्ये खुनाबद्दलची फाशी १९६५ च्या कायद्याने थांबली. ही कथा त्याआधीची आहे.

मुलांनो, बहुतेक रहस्यकथांत गुन्हेगार कोण, हे अखेरपर्यंत दडवून ठेवलेले असते. येथे ते आपल्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. ठाऊक नसते ते एवढेच, की तो सापडणार कसा? आणि एका निरपराध स्त्रीचे प्राण वाचणार की नाहीत?

ते वाचतात एका किल्लीमुळे. स्वॉनने दार उघडताच किल्ली पुन्हा गालिच्याखाली ठेवून दिली होती आणि मगच तो आत आला होता. त्याच्या खिशात होती ती त्याच्या स्वतःच्या घराची किल्ली! टोनीने नीट न पाहता तीच पत्नीच्या पर्समध्ये टाकली. इन्स्पेक्टर हबर्ड यांच्या मनात एक साधी शंका येते : मेलेल्या माणसाच्या खिशात त्याच्या घराची किल्ली कशी नव्हती? फाशीला एकच दिवस उरला असताना ते मार्गोला घरी आणवितात. पर्समधील किल्लीने दार उघडत नाही; गालिच्याखालील किल्लीची तिला कल्पनाच नसते. पुढे टोनीही त्याच किल्लीने दार उघडू पाहतो. ते उघडत नाही. तो निघून जाऊ लागतो, थबकतो, विचार करतो, मागे वळतो आणि गालिचा उचलतो. दार उघडते; आत सर्वजण त्याची वाट पाहत असतात.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. या कथेचे सारे बळ एक खोली, एक दार आणि एक किल्ली यांतच आहे. प्रेक्षकाला बाहेर फिरवून आणले असते, तर त्याचे लक्ष त्या दारावरून उडाले असते. म्हणून हिचकॉक यांनी खोली सोडली नाही. तिच्याकडे पाहण्याच्या तऱ्हा मात्र बदलल्या. कधी कॅमेरा छताजवळून खाली पाहतो, तर कधी जमिनीलगत असतो. त्यासाठी खड्डा खणून तो त्यात ठेवला होता. हा चित्रपट वस्तूंची खोली भासविणाऱ्या त्रिमितीय पद्धतीने घेतला होता. दूरध्वनीची तबकडी अगदी जवळून दाखविण्यासाठी एक प्रचंड तबकडी आणि तेवढेच मोठे बोट मुद्दाम तयार करवून घेतले होते. मार्गोचे पोशाखही आरंभी उजळ रंगाचे असून, संकट वाढत जाते तसे ते फिके आणि उदास होत जातात. खटल्याचा प्रसंगदेखील न्यायालय न उभारता, केवळ तिचा चेहरा आणि बदलते रंगीत प्रकाश यांतून दाखविला आहे. मर्यादा ही कलावंताला नेहमीच अडचण ठरते असे नाही. कित्येकदा तीच त्याचे सामर्थ्य होते.

या कथेतील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मार्गोवर प्रथम संशय घेणारे अधिकारी हबर्ड हेच होते. न्यायालयाने निकाल दिल्यावर त्यांना स्वस्थ बसता आले असते. पण एक लहानशी गोष्ट जुळत नाही, असे दिसताच त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षाची फिरून तपासणी केली. टोनीने हातातील किल्ली पारखली नाही, तेथे तो फसला. हबर्ड यांनी ती पारखली, म्हणून एक जीव वाचला. दुसऱ्यावर दोष ठेवण्यापूर्वी, आणि ठेवल्यानंतरही, असे पुन्हा पाहण्याची तयारी ज्याच्या अंगी असते, त्याच्याच हातून न्याय घडतो.