व्हिकीचे तीन-चार शब्द

किथ आणि कॅथरीन हेज या अमेरिकी दांपत्याने १९४७ साली जन्मलेली व्हिकी ही चिंपांझी लेकीसारखी वाढवली. वर्षानुवर्षे शिकवूनही मामा, पापा, कप असे तीन-चारच शब्द आले. तेही आधी हाताने तिचे ओठ मिटवून! वानरांच्या घशाची ठेवणच आड येते, असे पुढे मीही सांगत असे. पण २०१६ मध्ये संशोधकांनी मकाक माकडाच्या घशाचे क्ष-किरण चित्रीकरण केले आणि त्यावरून संगणकाकडून चक्क 'लग्न करशील का?' असे इंग्रजीत वदवले. ते समजत होते! म्हणजे घसा पुरेसा आहे. उणीव मेंदूत. स्वरयंत्र हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत माणसाच्या मेंदूची थेट जोडणी असते, चिंपांझीत ती फारच तुटपुंजी. व्हिकीचे शब्दही कुजबुजल्यासारखेच निघत. ओठ हलत, स्वरयंत्र साथ देत नसे.