समुद्रविज्ञानाला जीवशास्त्रच हवे का?

समुद्राचा अभ्यास करायचा तर जीवशास्त्र हवेच ना, असे शिक्षक आम्हाला नेहमी विचारतात. या समजुतीपायी गणितात रमणारी कितीतरी मुले इकडे फिरकतच नाहीत.

मासळीचेच पाहा. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था मासे कोठे मिळण्याचा संभव आहे, ते कोळ्यांना कळवते. त्यासाठी उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य मोजतात. थंड व उबदार पाणी जेथे एकमेकांना भिडते, तेथे पोषक द्रव्ये असली तर वनस्पतिप्लवक वाढतात. त्यांच्यामागोमाग मासे येतात. हे सारे हुडकायला भौतिकी, गणित, रसायन आणि जीवशास्त्र, चारही लागतात!

१९८१ साली 'गवेषणी' जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून मँगनीजयुक्त गोटे वर आणले; तेथे भूशास्त्रज्ञ हवा. सागरी नकाशे तर समुद्रापासून दूर, डेहराडूनला तयार होतात.

तेव्हा विद्यार्थ्याने आवडीच्या मूळ विज्ञानात आधी बी.एस्सी. करावे, असे आम्ही सुचवतो. पुढे गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञानाचे शिक्षण आहे. जवळच दोना पावला येथे, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था संशोधन करते. आणि बोट लागणाऱ्यांनीही घाबरू नये. आमचे बरेचसे काम प्रयोगशाळेत आणि संगणकापुढेच चालते.