बदलीच्या गावचा खर्च

नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरी जाणाऱ्या मनुष्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, आज जो पगार पुरतो तो तेथे पुरेल काय? उत्तरासाठी पुष्कळजण ग्राहक किंमत निर्देशांक पाहतात, आणि येथेच त्यांची फसगत होते.

केंद्र सरकारचे श्रम ब्यूरो औद्योगिक कामगारांसाठी जो निर्देशांक काढते, त्याच्या २०१६ या आधारवर्षाच्या मालिकेत ८८ केंद्रे आहेत. त्या वर्षीची प्रत्येक केंद्राची किंमतपातळी १०० धरलेली आहे. समजा, एका केंद्राचा अंक १४० आणि दुसऱ्याचा १३५ झाला. यावरून पहिले शहर अधिक महाग आहे असे ठरत नाही. तेथील भाव २०१६ पासून अधिक वेगाने वाढले, एवढेच ठरते. मुळातच महाग असलेल्या मुंबईचा अंक एखाद्या स्वस्त गावाच्या अंकाहून कमीही असू शकतो.

महागाई भत्त्याचीही गोष्ट तशीच. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा हा भत्ता अखिल भारतीय निर्देशांकावरून ठरतो, म्हणून त्याचा दर देशभर एकच असतो. शहराशहरांतील फरकाची दखल मुख्यतः घरभाडे भत्त्यात घेतली जाते. जानेवारी २०२४ पासून त्याचे दर शहराच्या वर्गाप्रमाणे मूळ वेतनाच्या ३०, २० व १० टक्के झाले. ४०,००० रुपये मूळ वेतनाचा कर्मचारी इंदूरहून मुंबईस आला, तर या दरांनी त्याला दरमहा ४,००० रुपये अधिक मिळतात. मुंबईच्या भाड्यांची ज्याला कल्पना आहे, त्याला या रकमेचे अपुरेपण सांगावयास नको. शिवाय मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे एकाच वर्गात मोडतात!

यास्तव हिशेब मांडावयाचा तो आपल्याच घरखर्चाच्या वहीवरून. धान्यापेक्षा घरभाडे, शाळेची फी आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च यांतच मोठी तफावत आढळते. पतीच्या बदलीमुळे पत्नीची नोकरी सुटणार असेल, तर ती मिळकतही वजा धरावी. हे कलम बहुधा विसरले जाते. उलट, आईवडिलांना पाठवावयाची रक्कम किंवा विम्याचा हप्ता शहर बदलल्याने वाढत नाही. हाती येणाऱ्या ५०,००० रुपयांपैकी ३०,००० स्थानिक खर्चाचे असतील आणि तो खर्च दीडपट होणार असेल, तर नव्या जागी हाती ६५,००० रुपये पडले पाहिजेत, ७५,००० नव्हेत. घराची अनामत व सामानाची वाहतूक यांचा खर्च एकदाच होतो. तो मासिक पगारात न मिसळता मालकाकडे वेगळा मागावा.