स्पीच थेरपिस्ट व्हायचंय? बारामती-इंदापूरच्या पोरांनी कॉलेज निवडताना या गोष्टी तपासल्याच पाहिजेत

"पोरगं तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही."

"त्याचे वडीलपण उशिराच बोलायला लागले होते."

"जीभ जड असेल, वेखंड चाटवा."

बारामती घ्या नाहीतर इंदापूर, हा संवाद ऐकला नाही असं घर सापडायचं नाही. पुढं कधीतरी डॉक्टर सांगतात, "स्पीच थेरपी सुरू करा." मग घरच्यांची पुण्याची वारी सुरू होते. बारामतीहून पुणे साधारण १०० किलोमीटर, इंदापूरहून १३५ ते १४०. थेरपी पाऊण तासाची आणि प्रवास दिवसभराचा. त्यात हे एका फेरीत संपणारं काम नाही. आठवड्याला एक-दोन वेळा असं कित्येक महिने जावं लागतं. हातावर पोट असलेल्या माणसाची प्रत्येक फेरीला रोजंदारी बुडते आणि चार-पाच फेऱ्यांनंतर थेरपी बंद पडते.

म्हणजे या भागाला या कामाची माणसं हवी आहेत. दुसऱ्या बाजूला, नीट देऊन एमबीबीएसला नंबर न लागलेली पोरं दरवर्षी "आता काय?" म्हणून गुगल करत बसतात. त्यातल्या काहींना बीएएसएलपी हे नाव दिसतं. पण कोर्स कुठला घ्यावा, कॉलेज कसं ओळखावं, हे सांगणारं जवळ कुणी नसतं. चुकीचा कोर्स निवडला तर वर्षं आणि पैसे दोन्ही जातात, वर काम करायचा परवानाही मिळत नाही.

म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

स्पीच थेरपिस्ट नक्की करतो काय?

लोकांना वाटतं, तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवणारा माणूस म्हणजे स्पीच थेरपिस्ट. काम त्याहून बरंच मोठं आहे.

उशिरा बोलणारी मुलं, अडखळत बोलणारी माणसं, टाळू फाटलेली बाळं, ऑटिझम असलेली मुलं, कॉक्लिअर इम्प्लांट झाल्यावर आवाज ओळखायला शिकणारी मुलं हे सगळे त्याचे पेशंट. पॅरालिसिसचा झटका आल्यावर वाचा गेलेले आजोबा त्याच्याकडेच येतात आणि घास गिळताना ठसका लागणारी आजीसुद्धा. घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलेल्या माणसाला पुन्हा बोलतं करायचं कामही त्याचंच. आवाज बसलेले शिक्षक आणि कीर्तनकारही याच रांगेत येतात.

ऑडिओलॉजिस्ट कान तपासतो, ऐकू किती येतं ते मोजतो, श्रवणयंत्र बसवून देतो. आपल्याकडे पदवीच्या पातळीवर हे दोन्ही विषय एकाच कोर्समध्ये शिकवतात, कारण ज्याला ऐकू येत नाही त्याचं बोलणंही अडतं.

२०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याची अडचण असलेले सुमारे ५०.७ लाख आणि बोलण्याची अडचण असलेले सुमारे २० लाख लोक नोंदले गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दोषाला २१ प्रकारांमध्ये वेगळं स्थान आहे.

मग रस्ता कसा आहे?

बारावी सायन्स, त्यानंतर बीएएसएलपी, म्हणजे बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, अशी एकूण चार वर्षं. पुढं मास्टर्स करायचं असेल तर आणखी दोन वर्षं.

इथं बरेच जण गंडतात. इंटरनेटवर अमेरिकेची माहिती वाचून त्यांना वाटतं, आधी सायकॉलॉजीत बीए करू आणि नंतर स्पीच थेरपीत मास्टर्स घेऊ. अमेरिकेत हे चालतं. दुसऱ्या विषयातली पदवी असली तरी आवश्यक विषय पूर्ण करून मास्टर्सला जाता येतं, आणि तिथं कामाला लागायची मुख्य पदवी मास्टर्सच आहे. आपल्याकडे तसं नाही. मास्टर्सला बसायचं तर बीएएसएलपी किंवा त्याच्या बरोबरीची याच विषयातली पदवी लागते. त्यामुळं खरा निर्णय बारावीनंतरच घ्यावा लागतो.

दुसरी बाजू अशी की आपल्याकडे बीएएसएलपी झाल्यावर नोंदणी करून स्वतंत्र प्रॅक्टिस करता येते. मास्टर्स लागतं ते कॉलेजात शिकवायला, संशोधनाला आणि एखाद्या भागात खोल जायला.

पहिली चाळणी आरसीआयची

आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया. डॉक्टरांना जशी मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, तशी या क्षेत्रात आरसीआयची लागते. १९९२ च्या आरसीआय कायद्यानुसार मान्यताप्राप्त पात्रता आणि नोंदणी नसताना हे काम करणं गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा १ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नोंदणी झाली की सीआरआर नंबर मिळतो. तो मिळण्यासाठी कॉलेजला नुसती विद्यापीठाची मान्यता असून भागत नाही, त्या कोर्सला आरसीआयची मान्यता लागते. ही मान्यता ठराविक मुदतीची असते. त्यामुळं "आमच्याकडे मान्यता आहे" या वाक्यावर थांबू नका. तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेताय, त्या वर्षासाठी, त्याच कोर्सला मान्यता आहे का, हे आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः बघा.

याच चाळणीत बाकीचे कोर्सही वेगळे होतात. डीएचएलएस हा एक वर्षाचा डिप्लोमा आरसीआयमान्य आहे, पण तो सहाय्यक म्हणून काम करण्यासाठी आहे. त्यावर स्वतंत्र थेरपिस्ट होता येत नाही. कर्णबधिर मुलांसाठीचं स्पेशल बीएड केलं तर तुम्ही विशेष शिक्षक होता. तेही मोलाचं काम आहे, पण वेगळं. आणि "तीन महिन्यांत स्पीच थेरपिस्ट" अशा ऑनलाइन सर्टिफिकेटच्या जाहिराती दिसल्या तर अंगठा पुढं सरकवा. त्यावर सीआरआर नंबर मिळत नाही.

आपल्या भागातल्या पोरांसाठी पर्याय कुठले?

सगळ्यात जवळ पुणे. भारती विद्यापीठ अभिमत विद्यापीठाचं ऑडिओलॉजी अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीचं स्कूल तिथं आहे, बीएएसएलपी आणि मास्टर्स दोन्ही. खाजगी अभिमत विद्यापीठ असल्यानं फीचा आकडा सरकारी संस्थेपेक्षा वेगळा असतो, तो आधी विचारून घ्या.

मुंबईत दोन मोठी नावं आहेत. वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला महाराष्ट्राच्या माजी राज्यपालांचं नाव दिलंय. दुसरं, महापालिकेच्या नायर हॉस्पिटलमधली ऑडिओलॉजी अँड स्पीच थेरपी स्कूल. देशात हा विषय शिकवायला सुरुवात झाली त्या १९६० च्या दशकापासून ती चालू आहे.

राज्याबाहेर म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग. १९६५ ची स्थापना, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाखाली, आणि या क्षेत्रात देशभर मान असलेली संस्था.

प्रवेशाच्या वाटा मात्र वेगवेगळ्या आहेत. महाराष्ट्रात राज्याच्या सीईटी सेलच्या नीटवर आधारित प्रक्रियेत एमबीबीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी यांच्यासोबत बीएएसएलपीही असतं. म्हैसूरची संस्था स्वतःची प्रवेश परीक्षा घेते. अभिमत विद्यापीठांची प्रक्रिया आणखी वेगळी. फक्त नीटच्या निकालाची वाट बघत बसलात तर बाकीच्या फॉर्मच्या तारखा निघून जातात. आणि नीटची वाट मोकळी ठेवायची असेल तर अकरावीला बायोलॉजी सोडू नका.

यादी झाली, आता निवडायचं कसं?

इथं बहुतेक जण कॉलेजचं नाव, इमारत आणि हॉस्टेल बघतात. खरं बघायला पाहिजे ते क्लिनिक. हे काम पुस्तकात शिकून येत नाही. अडखळणाऱ्या पोरासमोर बसून, त्याच्या आईला घरी काय करायचं ते समजावून, पुन्हा पुढच्या आठवड्यात त्याच पोराला बघून ते येतं. अमेरिकेत थेरपिस्टच्या प्रमाणपत्रासाठी शिक्षणाच्या काळात ४०० तासांचा क्लिनिकल अनुभव मोजून दाखवावा लागतो, त्याचं कारण हेच.

शक्य असेल तर ओपीडीच्या दिवशी कॉलेजला जा. तिसऱ्या वर्षातल्या आणि इंटर्नशिप करणाऱ्या पोरांना गाठा आणि हे विचारा :

१. दिवसाला पेशंट किती येतात, आणि विद्यार्थ्याला थेट काम करायला मिळतं की मागं उभं राहून बघावं लागतं?

२. फक्त लहान मुलं येतात, की पॅरालिसिस, आवाज, गिळण्याचा त्रास असे मोठे पेशंटही येतात?

३. कॉलेजला हॉस्पिटल जोडलेलं आहे का? कान-नाक-घसा, मेंदूविकार आणि बालरोग विभागातून पेशंट पाठवले जातात का?

४. सेशन चालू असताना सोबत शिक्षक असतो का, आणि नंतर चुका सांगतो का?

५. इंटर्नशिप कुठं होते? त्या वर्षात स्टायपेंड मिळतो का?

६. मागच्या दोन बॅचची पोरं आज कुठं आहेत? सगळीच श्रवणयंत्र विकणाऱ्या दुकानात असतील तर स्पीचची बाजू तिथं कशी शिकवतात, हे नक्की विचारा.

भाषेचं काय?

हा मुद्दा माहितीपत्रकात सापडत नाही, पण तुम्हाला परत येऊन इथंच काम करायचं असेल तर तो फार मोठा आहे.

मराठीतला च दोन प्रकारचा आहे. चिमणीतला वेगळा, चमच्यातला वेगळा. ज आणि झ चंही तसंच. वर ळ आहे, ख-घ-थ-ध आहेत. पोरगं "काका" ला "ताता" म्हणतंय, ते वयामुळं चालण्यासारखं आहे की तपासायची गरज आहे, हे ठरवायला मराठी मुलं कुठला आवाज कधी शिकतात याची जाण लागते. इंग्रजी चित्रांची चाचणी मराठीत वाचून दाखवली म्हणून ती मराठी होत नाही. शिवाय घरात बोलली जाणारी भाषा पुस्तकी नसते, ती इंदापूरच्या वाडीवस्तीवरची असते.

म्हैसूरला शिकवणं उत्तम, पण पेशंट मोठ्या प्रमाणात कन्नड बोलणारे. पुण्या-मुंबईत पहिल्या वर्षापासून मराठी पेशंट मिळतात. याचा अर्थ म्हैसूर टाळा असा नाही. तिथं गेलात तर मराठी पेशंटसोबत काम करायची संधी इंटर्नशिपमध्ये तरी मिळेल का, हे आधी विचारा.

मास्टर्स कुठलं?

तीन प्रकार दिसतात. स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत एमएस्सी, ऑडिओलॉजीत एमएस्सी, आणि दोन्ही मिळून एमएएसएलपी. म्हैसूरला दोन वेगळ्या एमएस्सी आहेत, अली यावर जंग संस्थेत आणि भारती विद्यापीठात एमएएसएलपी.

मोठ्या हॉस्पिटलात पॅरालिसिस किंवा कॅन्सरच्या पेशंटसोबत काम करायचं असेल तर स्पीचची स्वतंत्र एमएस्सी उपयोगी पडते. तालुक्याच्या गावी स्वतःचं सेंटर काढायचं असेल तर तिथं कान तपासणारा आणि बोलायला शिकवणारा बहुतेक एकच माणूस असतो, मग दोन्ही विषय हातात असलेले बरे. ही निवड बीएएसएलपीच्या इंटर्नशिपनंतर करा. तोवर आपल्याला कुठलं काम जमतं, हे कळलेलं असतं.

परत आल्यावर इथं काम आहे का?

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे, म्हणजे कान-नाक-घसा आणि बालरोगाचे डॉक्टर आता तालुक्यातच आहेत. सरकारी बाजूला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये त्याची देशपातळीवरची सुरुवात आपल्या राज्यात, पालघरला झाली. यात अंगणवाडी आणि शाळांमधल्या मुलांची तपासणी होते, त्यात बहिरेपण आणि बोलण्यातला उशीरही बघतात. पुढच्या उपचारासाठीच्या जिल्हा केंद्रात ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्टचं पद असतं. या जागा बऱ्याचदा कंत्राटी असतात, हेही लक्षात ठेवा. बाकी खाजगी हॉस्पिटलं, विशेष शाळा आणि स्वतःचं क्लिनिक.

इथलं काम शहरासारखं नसणार. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांवर ऊसतोडीला येणारी कुटुंबं गाळप हंगामापुरती असतात, नंतर ती गावी जातात. त्यांच्या मुलांसाठी वर्षभराच्या थेरपीचं वेळापत्रक चालत नाही. आईला घरी करता येईल असं थोडं पण नेमकं शिकवावं लागतं आणि पुढचं फोनवरून धरून ठेवावं लागतं. बाळाची श्रवण तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचार सहा महिन्यांपर्यंत सुरू व्हावेत, असं या क्षेत्रातलं सूत्र आहे. गावाकडं बहिरेपण अनेकदा लक्षात येतं तेच मूल बोलत नाही म्हणून. मधली वर्षं वाचवायची असतील तर माणूस जवळ हवा.

तर क्रम असा ठेवा. आधी आरसीआयची यादी, मग क्लिनिक, मग भाषा, मग फी आणि सगळ्यात शेवटी कॉलेजचं नाव.

आणि तुम्ही विद्यार्थी नसून पालक असाल, तर एक गोष्ट आजच करू शकता. मुलाला कुठल्याही स्पीच थेरपिस्टकडे नेण्याआधी त्यांचा सीआरआर नंबर विचारा. खरा थेरपिस्ट या प्रश्नाचा राग मानत नाही.