फोर-के टीव्हीवरही चित्र धूसर? प्लॅन वाढवण्याआधी हे तपासा

घरात ५५ इंची फोर-के टीव्ही आहे, १०० एमबीपीएसचे ब्रॉडबँड आहे, ओटीटीचे पैसेही दरमहा न चुकता जातात. तरीही रात्री जेवणानंतर सिनेमा लावला की चेहरे धूसर आणि अंधाऱ्या दृश्यांत चौकोनी ठिपके दिसतात. अशा वेळी बहुतेकांना दोनच उपाय सुचतात : इंटरनेटचा महागडा प्लॅन घेणे किंवा टीव्ही बदलणे. पैसे खर्च होतात, पण चित्र अनेकदा तसेच राहते. कारण दोष भलतीकडेच असतो. तो नेमका कुठे आहे, हे एक पैसाही खर्च न करता शोधता येते.

चित्र आपोआप धूसर का होते?

ओटीटी कंपन्या एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या दर्जाच्या अनेक प्रती सर्व्हरवर ठेवतात. प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागलेली असते. आधीचे तुकडे किती वेगाने आले हे पाहून टीव्हीतील ॲप पुढचा तुकडा मागवते. वेग घटला की कमी दर्जाचा तुकडा येतो. सिनेमा अडकण्यापेक्षा धूसर का होईना, पण चालू राहावा, हा त्यामागचा हिशेब. याला 'ॲडॅप्टिव्ह स्ट्रीमिंग' म्हणतात. त्यामुळे सुरुवातीचे काही सेकंद चित्र धूसर असणे हा बिघाड नाही. मिनिटभरानंतरही ते सुधारले नाही, तर मात्र कारण शोधावे.

फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, तर ४८०पी दर्जाच्या चित्रात जेमतेम ४ लाख. मोबाइलवर ठीक दिसणारे हेच चित्र मोठ्या पडद्यावर ताणले जाते आणि त्यातील उणिवा उघड होतात.

सर्वात आधी काय पाहावे?

आधी ओटीटीचा प्लॅन पाहावा. उदाहरणार्थ, नेटफ्लिक्सच्या भारतातील बेसिक प्लॅनमध्ये ७२०पी, स्टँडर्डमध्ये १०८०पी आणि फक्त प्रीमियममध्ये फोर-के मिळते. प्लॅनच ७२०पीचा असेल, तर इंटरनेटचा वेग कितीही वाढवून उपयोग नाही. खात्यातील प्लेबॅक सेटिंगही तपासावी. डेटा वाचवण्यासाठी कधीतरी 'लो' केलेला पर्याय तसाच राहून गेलेला असतो. शिवाय जुनी मालिका मुळातच कमी दर्जात चित्रित झाली असेल, तर ती फोर-के टीव्हीवरही तशीच दिसणार.

वेग किती लागतो?

नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार ७२०पीसाठी ३, १०८०पीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग पुरतो. म्हणजे एका टीव्हीसाठी ३० एमबीपीएसचे कनेक्शनही पुरेसे आहे. प्रश्न असतो तो त्यातला किती वेग टीव्हीपर्यंत पोहोचतो याचा. राउटरशेजारी उभे राहून मोबाइलवर केलेली स्पीड टेस्ट टीव्हीबद्दल काहीच सांगत नाही. टीव्हीत ब्राउझर असेल, तर त्यावरच फास्ट डॉट कॉम उघडावे. यूट्यूबवर व्हिडीओ सुरू असताना सेटिंगमधील 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' सुरू केले, तर सध्या कोणता दर्जा आणि किती वेग मिळतो आहे, हे पडद्यावरच दिसते.

दोष वायफायचा की कंपनीचा?

राउटरपासून टीव्हीला लॅन केबल लावून तोच सिनेमा पाहावा. चित्र सुधारले, तर दोष घरातल्या वायफायचा. इमारतींमध्ये २.४ गिगाहर्ट्झ बँडवर शेजारपाजारच्या राउटरची गर्दी असते. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही त्याच बँडवर असतात. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडल्यास वेग वाढतो, पण या लहरी भिंतींतून लवकर क्षीण होतात. त्यामुळे माळ्यावर, कपाटात किंवा टीव्हीच्या मागे दडवलेला राउटर मोकळ्या जागी आणावा. अनेक टीव्हींचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसपर्यंतच चालते. केबलवर ९०-९५ एमबीपीएस दिसले तर घाबरू नये, फोर-केसाठी तेवढे भरपूर आहे.

केबल लावूनही दिवसा चित्र स्वच्छ आणि रात्री नऊनंतर धूसर होत असेल, तर ब्रॉडबँड कंपनीकडे तक्रार करावी. दोन-तीन दिवसांच्या सकाळच्या आणि रात्रीच्या नोंदींचे फोटो हाताशी ठेवावेत. 'नेट स्लो आहे' या तक्रारीपेक्षा आकडे दाखवले, तर टाळाटाळ करणे अवघड जाते.

स्टिक किंवा बॉक्स वापरत असाल तर?

जुन्या स्टिक फुल एचडीपर्यंतच चालतात. फोर-के स्टिकलाही एचडीसीपी २.२ असलेले एचडीएमआय पोर्ट लागते. टीव्हीची सगळीच पोर्ट तशी असतील असे नाही, म्हणून पोर्ट बदलून पाहावे. स्वस्तातले अप्रमाणित अँड्रॉइड बॉक्स ही आणखी एक अडचण. त्यांत 'वाइडवाइन एल१' ही सुरक्षा पातळी नसेल, तर अनेक ओटीटी ॲप एचडी चित्र देतच नाहीत. मोबाइलचा स्क्रीन टीव्हीवर मिरर केल्यानेही दर्जा घसरतो. टीव्हीतलेच ॲप वापरलेले बरे.

आणि टीव्हीची सेटिंग?

दुकानात उठून दिसावा म्हणून अनेक टीव्ही 'व्हिविड' मोडवर ठेवलेले असतात. त्यात शार्पनेस वाढलेला असल्याने चौकोनी ठिपके अधिकच ठळक होतात. सिनेमासाठी 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावावा आणि शार्पनेस कमी करावा. सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल, तर मोशन स्मूदिंग बंद करावे.

ओटीटी प्लॅन, वेग, वायफाय, बॉक्स आणि टीव्हीची सेटिंग या क्रमाने तपासत गेल्यास अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक वेळा दोष सापडतो. खिशात हात घालायचा, तो त्यानंतर.